कांबळेमामांची विनातिकीट धूळ

आमच्या शेजारचे कांबळेमामा थंडीच्या दिवसांत रोज सकाळी गच्चीवर रिकामं स्टीलचं ताट ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यात साचलेली धूळ रंगाच्या ब्रशनं गोळा करतात. मला हे कळलं ते माझी बायको आमच्या गच्चीवर सतरंजी झटकत होती तेव्हा.

"वयनी, हात थांबवा!" मामा ओरडले. "तुमची घरची धूळ माझ्या लांब पल्ल्याच्या धुळीत मिसळाया लागली!"

तेव्हापासून आमच्या सतरंज्या मागच्या अंगणात झटकल्या जातात.

मामा एसटीत कंडक्टर होते. निलंगा-लातूर, निलंगा-औसा करण्यात उमर गेली. निवृत्त झाले, पण भाषा अजून बसमधून उतरलेली नाही.

"बघा गुरुजी," ते मला समजावतात, "थंडीत वारं जमिनीकडून समुद्राकडं जातंय. आपल्या रानातली बारीक माती उचलतंय, उसाच्या पाचटाची काजळी उचलतंय, आन थेट अरबी समुद्र! मधी थांबा न्हाई. समदे पाशिंजर विदाऊट!" मग ताटावर दोन टिचक्या. "डबल बेल!"

"समुद्राला माती कशाला हवी?"

"वरच्या पाण्यात लोखंड, फॉस्फरस कमी पडतंय. माती ते घिऊन जाती. त्याच्यावर डोळ्याला न दिसणारी बारीक वनस्पती वाढती. तिला पाण्यातलं बारीक किडं खात्यात, आन त्या किड्यास्नी मासे. काजळीतलं कार्बन बी तिथल्या जंतूंच्या पोटात जातंय."

"म्हणजे पाचट जाळलेलं बरंच की."

"खुळे का काय गुरुजी? समुद्राला घासभर, आन आपल्याला दमा! पाचट रानातच कुजवायचं."

एकदा आठवडी बाजारात सुके बोंबील विकणाऱ्या बाईला त्यांनी ऐकवलं, "ह्यास्नी आमच्या निलंग्याच्या मातीनं पोसलंय." बाई म्हणाली, "मग मातीच खावा की, काका." मामांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

ही सगळी विद्या त्यांच्या मुलीची. प्रज्ञा गोव्यात समुद्राचा अभ्यास करते. समुद्रावर पडणारी धूळ मोजणं हेच तिचं काम. मामी गेल्यापासून मामा घरात एकटेच. धुळीच्या पुड्या बांधायच्या, त्यावर तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहायची, संध्याकाळी प्रज्ञाला फोनवर सगळं सांगायचं.

यंदा प्रज्ञा महिनाभर जहाजावर होती. फोन लागत नव्हता. मामांनी तरी एक दिवस चुकवला नाही. पुड्या वाढत गेल्या आणि मामांचं बोलणं कमी होत गेलं. डबल बेलही ऐकू येईना.

जहाज किनाऱ्याला लागलं आणि प्रज्ञा थेट निलंग्याला आली. मी भेटायला गेलो तेव्हा ती गच्चीवर पुड्या उघडून बसली होती. मामा चहा करायला खाली गेले होते.

"उपयोग होईल ना गं?" मी विचारलं.

"नाही हो काका. ताट स्टीलचं, नमुन्यात त्याचंच लोखंड उतरतं. पप्पांना मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं."

मी खाली गेलो. पुड्यांचा उपयोग नाही हे ठाऊक आहे का, असं मामांना विचारलं, तर ते आधण येणाऱ्या चहाकडं बघत म्हणाले, "ठाव हाय की. पण गुरुजी, जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. दोन मिंटात फोन खलास. धुळीचं काढलं की पोरगी अर्धा अर्धा तास बोलती. हासती बी."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं लातूरहून पाइप आणला आणि त्यावर स्वतःजवळची प्लॅस्टिकची बादली घट्ट बसवून गच्चीवर खरंखुरं यंत्र उभं केलं. निलंग्याची धूळ आता तिच्या कामात धरली जाणार होती. मामा त्या बादलीभोवती नव्या गाडीभोवती फिरावं तसे फिरत होते.

"ह्याला हात लावायचा नाही," तिनं बजावलं. "नमुना न्यायला दर महिन्याला मलाच यावं लागणार."

मामा "बरं बरं" म्हणत तोंड फिरवून पाना-पक्कड गोळा करू लागले.

जिना उतरताना मी हळूच विचारलं, "नमुना कुरिअरनं नाही का पाठवता येत?"

प्रज्ञानं वर एकदा बघून घेतलं. "येतो," ती म्हणाली. "पप्पांना सांगू नका."