पाण्याचा खुळखुळा

"या दिवाळीच्या सुट्टीत लातूर-नांदेडचा एकूण एक खुळखुळा माझ्या पिशवीत नसेल, तर नावाचा विरूपाक्ष कोरे नाही!"

कोरे सरांनी ही गर्जना कॉलेजच्या स्टाफरूममध्ये केली, तेव्हा तिथं एक बंद पंखा आणि सात रिकाम्या खुर्च्या हजर होत्या. सरांच्या बहुतेक गर्जना अशाच सभेपुढं व्हायच्या.

खुळखुळा म्हणजे तान्ह्या बाळाच्या हातातला नव्हे हो! माळावरचं रानटी झुडूप. पिवळी फुलं, फुगीर शेंगा. शेंग वाळली की आत बिया खुळखुळ वाजतात. त्याच्या जाती किती आणि कुठं कुठं, हे वनस्पतिशास्त्राच्या कोरे सरांना हुडकायचं होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. हापिसांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण उस्मानाबादच्या नावावरची झाडंझुडपं लातूरच्या नावावर कुणी करायची? सर म्हणाले, मी! वर शेजारधर्म म्हणून नांदेडही घेतलं. घरी वाट बघणारं कुणी असलं तर माणूस एवढं रान अंगावर घेत नाही.

त्यात वर्ष दुष्काळाचं. अहमदपूरपासून लोह्यापर्यंतचे माळ भाजलेल्या पापडासारखे कडक. नेहमीचे दोन-तीन खुळखुळे मिळाले, बाकी धूळ. आठवडाभर सर बोलले ते फक्त शेळ्यांशी. आणि त्याही पाला दिसेना म्हणून निघून गेल्या.

असेच एका सकाळी ते लोह्यापलीकडं हरणवाडीच्या माळावर उकिडवे बसले होते. वाळकी शेंग कानाशी धरून वाजवायची, मग भुईला नाक लावून भिंगातून बघायचं, असं चाललं होतं. बांधावरून सटवाजी नावाच्या शेतकऱ्यानं हे बघितलं आणि धोतर सावरत गावाकडं धूम ठोकली.

"पाणाड्या आलाय रे! भुईला कान लावून पानी ऐकून राहिलाय!"

दुष्काळात जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला देवाच्या खालोखाल मान! घटकाभरात सरांभोवती निम्मं गाव.

"अहो, मी पाणाड्या नाही! मी झाडं बघतो!"

"हाव हाव," सटवाजी म्हणाला, "झाडावरनंच तर पानी कळतंय!"

"मी कॉलेजात शिकवतो!"

"म्हंजे शिकलेला पाणाड्या!"

"मला पाण्यातलं ओ की ठो कळत नाही हो!"

सटवाजी अभिमानानं गावाकडं वळला. "बघा! खरा पाणाड्या कवाच कबूल करत न्हाई!"

तेवढ्यात त्याची म्हातारी आई, चतुराबाई, गर्दीतून पुढं आली. "त्याला आधी जेवू घाला रे! तोंड बघा लेकराचं, कसं सुकून गेलंय!"

लेकरू सेहेचाळीस वर्षांचं होतं. पण गरम भाकरी आणि पिठलं पुढं आलं, चतुराबाई पदरानं वारा घालत "आनि येक घे" म्हणाली, आणि सरांनी ताट पुढं केलं. 'जेवण झालं की नीट सांगू' असं त्यांनी ठरवलं. जेवण झालं तर घोंगडं अंथरलेलं. मग पारावर माणसं जमली आणि सरांनी झाडांविषयी बोलायला सुरुवात केली. वर्गात त्यांच्या तोंडून 'मूळ' निघायच्या आत मागचे बाक मोकळे व्हायचे. इथं अख्खा पार डोळे न मिटता ऐकत होता! संध्याकाळपर्यंत सर सांगायचं विसरले. आठवलं तेव्हा गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे!

दुसऱ्या दिवशी, मागं निम्मं गाव घेऊन हिंडताना, ओढ्याच्या काठी सरांना ते दिसलं. भुईला बिलगलेलं, लवभरल्या पानांचं, एकच पिवळं फूल असलेलं. असा खुळखुळा त्यांनी आजवर पाहिला नव्हता!

"सापडलं!" सर नाचायलाच लागले. "इथंच आहे! अख्ख्या जिल्ह्यात फक्त इथंच!"

आणि झाड दाबून वाळवायच्या दाबपट्ट्या आणायला पाराकडं पळाले. परत येतात तो काय, कुदळी, टिकाव, पहारी, धडाधड!

"थांबा! थांबा!"

"थांबायचं कशाला साहेब? मानसं लई हायत!"

झुडूप मातीच्या ढिगाखाली गेलं होतं. सर ढिगावर पडले आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागले.

"बघा रे!" सटवाजी ओरडला. "साहेब सोता माती उपसून राहिले!"

झालं! गावाला दुप्पट जोर चढला. सर जेवढं उकरत, त्याच्या चौपट माती त्यांच्या डोक्यावर येत होती. दिवस मावळायला पहार टणकन वाजली. खाली काळा पाषाण. थेंब नाही.

कुदळी थांबल्या. सरांच्या हातात एक चुरगळलेली काडी तेवढी होती. ना फूल, ना मूळ. ते खड्ड्याच्या काठी बसले आणि ढसाढसा रडायला लागले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मला पाणी बघता येत नाही. कालच धड सांगायला हवं होतं."

आता मार बसणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. डोक्यावर हात आला तो चतुराबाईचा.

"उगी, बाबा, उगी. लई पाणाडे आले आन् गेले. आमच्या पान्यासाठी रडला, असा तूच पैला."

झुडपासाठी रडतोय, हे सरांना सांगवेना. आणि ती पदरानं त्यांचे डोळे पुसत राहिली, तसं आपण नक्की कशासाठी रडतोय, हे त्यांचं त्यांनाही कळेना.

सकाळी गाव एसटीपर्यंत पोचवायला आलं. चतुराबाईनं टँकरच्या पाण्यानं भरलेली कळशी पुढं केली.

"अहो, नको! तुम्हालाच प्यायला नाही!"

"घे मुकाट्यानं. कळशी वापस द्यायला येशील, म्हंजे येनं होईल."

सटवाजीनं ती सरांच्या शेजारच्या जागेवर नेऊन ठेवली. गाडी हलली तसा कंडक्टर खेकसला, "ओ साहेब, कळशी खाली ठेवा!"

"खाली सांडेल."

"मग सीटचं तिकीट पडंल!"

"द्या," सर कळशीच्या गळ्यात हात टाकून म्हणाले. "दोन लातूर. आणि ड्रायव्हरला जरा हळू हाकायला सांगा, सोबत माणूस आहे!"