सबळ कारणाअभावी

मदन महल मोहल्ल्यातले मोतीराम मेश्राम उदास झाले, ही घटना दखल घेण्याजोगी नव्हती, कारण तसं व्हायला त्यांच्याकडे सबळ कारण नव्हतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून ते सन्मानाने निवृत्त झाले होते. पेन्शन वेळेवर येत होती, घर स्वतःचं होतं, मुलगा पियूष नोकरीला होता, बायको धडधाकट होती. एवढं असताना माणूस सकाळी पलंगाच्या काठावर बसून राहतो, समोरचा चहा निवून जातो, मधुमेहाची गोळी हातात धरून तो भिंतीकडे बघत राहतो आणि शेवटी गोळी परत डबीत टाकतो, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

साखर मात्र नियमात बसत होती. ती वाढली आणि घर खडबडून जागं झालं.

"कुठी खाल्ली?" कलावतीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"काय?"

"खोव्याची जलेबी. परवा कमानिया गेटच्या बाजारात गेलते ना तुमी."

"नाही खाल्ली. मले खाऊच वाटून नाही राहिलं, कलावती. काहीच करू वाटून नाही राहिलं."

"काहून? काय कमी आहे तुमाले?"

मोतीरामांनी प्रामाणिकपणे विचार केला. कमी असं काही सापडलं नाही, म्हणून ते गप्प बसले. चौकशीत गप्प बसणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, एवढं कायद्याचं ज्ञान प्रत्येक घरात असतं. गुळाचा डबा कुलपात गेला. शेजारच्या दीदींना नजर ठेवण्याचे तोंडी आदेश निघाले. त्या कर्तव्यदक्ष होत्या. नजरेसोबत रोज कारल्याचा रसही पाठवू लागल्या.

तरीही साखर उतरेना, तेव्हा पियूष त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तळमजल्यावर साखरेचे डॉक्टर बसत.

"मीठा बंद है?"

"बंद है, साहब." मोतीरामांनी धीर गोळा केला. "पर मन नहीं लगता. नींद नहीं आती. दवाई याद रहती है, लेने का जी नहीं करता."

डॉक्टरांचं पेन क्षणभर थांबलं. "मन ऊपर देखते हैं," ते म्हणाले आणि त्यांनी एक गोळी वाढवून दिली. आजवर मोतीराम एक गोळी घेत नव्हते. आता ते दोन घेईनासे झाले.

वरच्या मजल्यावर समुपदेशक मॅडम होत्या. त्या अतिशय सौजन्याने बोलल्या. त्यांनी कारण विचारलं. घरात कोणी वारलं का? भांडण? फसवणूक? मोतीराम प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेले आणि नकारागणिक जास्त शरमत गेले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शुगर बढ़ने से ऐसा लगता है, अंकल. पहले नीचे जाकर शुगर ठीक कराइए." खालचे डॉक्टर म्हणाले, "पहले ऊपर जाकर मूड ठीक कराइए."

दोघांचंही म्हणणं शास्त्राला धरून होतं. उदास माणसाची साखर बिघडते आणि साखर बिघडलेला माणूस उदास होतो, हे दोघांनाही पाठ होतं. सुरुवात दुसऱ्याने करावी, एवढाच दोघांचा आग्रह होता. मधल्या जिन्यावर मोतीरामांना धाप लागे. तेवढा व्यायाम चांगला, यावर मात्र दोन्ही मजल्यांचं एकमत होतं.

मग घरी बैठक बसली. पियूष समोर खुर्ची ओढून बसला. "पापा, सच बताओ. मी रागावणार नाही. खाल्ली ना?"

मोतीरामांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग बायकोच्या. दोघंही थकले होते. दोघांनाही एकच उत्तर हवं होतं, आणि ते देणं फार सोपं होतं.

"खाल्ली," ते म्हणाले.

घरावरचं मळभ सरलं. कलावतीबाई थोडं रडल्या, मग त्यांनी क्षमा केली, मुगाची खिचडी रांधली. पियूष बापाच्या खांद्यावर हात टाकून बराच वेळ बसला. दुःख कोणाला समजलं नव्हतं. जलेबी सगळ्यांना समजली. कित्येक महिन्यांत मोतीरामांच्या इतक्या जवळ कोणी बसलं नव्हतं. पुढच्या तपासणीनंतर त्यांनी रबडी कबूल केली. त्याच्या पुढच्या वेळी गुलाबजाम.

पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती त्यांना दिसत होती. पण सांगितलं असतं, तर काय खाल्लं ते आधी सांगावं लागलं असतं, आणि आता त्यांच्यात नवीन मिठाई सुचण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. जखम काळी पडली. वास आला, तेव्हा घराला कळलं. अंगठा काढावा लागला.

आणि मग यंत्रणा हलली. वरच्या मजल्यावरच्या मॅडम स्वतः खाली उतरून त्यांच्या खाटेजवळ आल्या.

"कैसा लग रहा है, अंकल?"

"पहले जैसा ही."

"स्वाभाविक है. इतना बड़ा नुकसान हुआ है."

"नहीं मॅडम, ये तो अंगूठे के पहले से..."

"आप बोलिए मत, आराम कीजिए," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. अंगठा गेल्यामुळे रुग्णास नैराश्य, असं ठरलं. त्यांनी वरच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मनाची औषधं सुरू झाली. दर आठवड्याला कोणीतरी तासभर मोतीरामांचं ऐकून घेऊ लागलं. हळूहळू त्यांना झोप येऊ लागली. गोळ्या ते आपल्या हाताने, वेळेवर घेऊ लागले. साखर उतरली.

"देखा?" खालचे डॉक्टर पियूषला म्हणाले. "मीठा छूट गया."

मोतीराम हल्ली दुपारी घरीच असतात. वाचकांपैकी कोणाला भेटायला जायचं असेल, तर खुशाल जावं. इतके दिवस आपण गेलो नाही ते बरोबरच होतं. धडधाकट माणसाला जाऊन विचारायचं तरी काय? आता तो संकोच उरलेला नाही. पायाच्या पट्टीकडे बघून हळहळता येतं, आणि परतताना आपल्यालाही हायसं वाटतं की, चला, माणूस उगाच उदास नव्हता.