सतरा नंबरचा स्पंज

सतरा नंबरचा तुकडा फुटला नाही, आणि तिथूनच सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

आधीचे सोळा इमानेइतबारे फुटले होते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या मागच्या खोलीत एक गृहस्थ पाच वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. ट्रकच्या इंजिनाशेजारचा जो भाग तापून लालबुंद होतो, त्याच्याभोवती बसेल असं हलकं, जाळीदार सिरॅमिकचं कडं त्यांना बनवायचं होतं. कड्याच्या बारीक भोकांतून गार हवा खेळवायची, आणि जाताना तिनं उष्णता घेऊन जायची. कल्पना झकास होती. फक्त ज्वाळेसमोर धरलं की सिरॅमिक तडकायचं. या गृहस्थांना कारखान्यात सगळे मोजमापे म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण चहात साखर घालताना जो माणूस चमचा डोळ्यांसमोर आडवा धरून बघतो, त्याचं खरं आडनाव कोण लक्षात ठेवणार?

तर सतरावा तुकडा. समोरून ज्वाळा, आतून गार हवा, आणि मागच्या बाजूला मोजमाप्यांनी चक्क तळहात टेकवला. तुकडा शाबूत, हातही शाबूत. भट्टी सांभाळणाऱ्या भट्टीताईंना त्यांनी एका दमात तीनदा शाबासकी दिली. कारखान्याच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, स्वतः बघायला आल्या. त्यांनी तो तुकडा उचलला, तो इतका हलका लागला की पुन्हा एकदा ठेवून उचलला, आणि शांतपणे म्हणाल्या, "एक जमला म्हणजे योगायोग. दोन आठवड्यांत असेच तीन करून दाखवा. नाहीतर ही खोली रंगखात्याला जाईल आणि तुम्ही तक्रारखिडकीवर."

मोजमाप्यांनी लगेच अठराव्या तुकड्याची माती कालवायला घेतली. पाच वर्षं त्यांनी जीव ओतला होता त्या खोलीत.

पहिल्या आठवड्यात अठरापासून तेवीसपर्यंत सगळे तुकडे फुटले. माती तीच, पाणी तेच, भट्टी तीच. कृती तशी सोपी होती. साधा स्पंज पांढऱ्या मातीच्या लगद्यात बुचकळायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. स्पंज जळून जातो, त्याच्या जाळीवर चढलेली माती तेवढी उरते. मग सतराव्यालाच काय निराळं झालं? सतरावा तुकडा झाला त्या दिवसाचं हवामान मोजमाप्यांनी तपासलं. त्या दिवशी भट्टीताईंनी कुठल्या हातानं दार उघडलं होतं, तेही विचारलं. ताई आधी वैतागल्या, मग जरा आठवायला लागल्या.

"त्या दिवशी स्पंज संपले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या टेबलावर एक पडला होता, तोच घेतला. मला वाटलं, नवा नमुना आलाय. जरा ओलसर होता, म्हणून आधी वाळवला."

मोजमापे मटकन खुर्चीत बसले. तो स्पंज त्यांच्या घरचा होता. भांडी घासून घासून जुना झालेला. येताना अगदी अस्साच घेऊन या, म्हणून बायकोनं डब्याच्या पिशवीत घालून दिला होता. मोजमापे अर्थातच विसरले होते, आणि घरी जाऊन तो हरवला असं सांगून मोकळे झाले होते.

संध्याकाळी त्यांनी बायकोसमोर वही उघडली. तो स्पंज किती दिवस वापरात होता, साबण कुठला, घासताना हात गोल फिरतो की आडवा, असं ते विचारत सुटले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"अहो, तो हरवला होता ना?"

मोजमाप्यांनी खरं ते सांगून टाकलं. बायको इतकी हसली की तिला टेकावं लागलं. मग तिलाही नवल वाटायला लागलं. आपण रोज वापरून फेकतो त्या वस्तूत असं काय असेल, जे आगीसमोर टिकतं? तिनं विचारलेले प्रश्न मोजमाप्यांच्या प्रश्नांपेक्षा बरे होते.

ठरलं असं, की बारा नवे कोरे स्पंज आणायचे आणि चार दिवसांत होतील तितके जुने करायचे. सहा बायकोनं, सहा मोजमाप्यांनी. पण दोन माणसांच्या घरात भांडी ती किती निघणार? मोजमापे वही घेऊन इमारतीत दारोदार फिरले आणि खरकटी भांडी मागायला लागले. शेजाऱ्यांना आधी वाटलं, यांची नोकरी गेली. नंतर वाटलं, डोकंच गेलं. पण भांडी कोण नाही म्हणणार द्यायला? वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर दूध करपलेलं एक पातेलं काढून दिलं, जे दोन वर्षं त्यांनी गच्चीत लपवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी लोक आपण होऊन यायला लागले. तिसऱ्या दिवशी जिन्यात रांग लागली, आणि शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी कढई कधी मिळेल असं जरा चढ्या आवाजात विचारलं.

ओट्यापाशी दोघं शेजारी शेजारी उभे राहून घासत होते. भांडी मोजून सारखी वाटलेली, साबण सारखा, वेळ सारखा. मोजमापे घासता घासता उष्णता कशी वाहते ते समजावत होते. बायको घासत होती. मध्येच ती त्यांनी धुतलेल्या ताटावरून अंगठा फिरवायची आणि ताट पुन्हा मोरीत सोडायची. मोजमाप्यांच्या मते हा निव्वळ छळ होता.

मुदतीच्या शेवटच्या शुक्रवारी, त्या बारा स्पंजांपासून भाजलेले बारा तुकडे मोठ्या बाईंसमोर मांडले. पहिला ज्वाळेसमोर धरला, टिकला. दुसरा टिकला. सहाच्या सहा टिकले. मोजमाप्यांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. खोली वाचली होती. मग सातवा तडकला. आठवा तडकला. बाराव्याचे तर दोन भाग झाले.

"पहिल्या सहांत आणि नंतरच्या सहांत फरक काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कामगार वेगळा आहे," मोजमापे पुटपुटले.

"कोण कोण?"

खोटं बोलून काय उपयोग होता? बघायला जमलेल्या सगळ्या कारखान्याच्या देखत मोजमाप्यांना सांगावं लागलं की पहिले सहा बायकोनं घासलेत आणि नंतरचे त्यांनी. कोणीतरी खोकल्यासारखं केलं. भट्टीताईंनी दोघांच्या स्पंजांच्या उरलेल्या कातरणांवर भिंग धरलं आणि उलगडा झाला. स्पंजाच्या पुष्कळशा भोकांवर पातळ पापुद्रा असतो. तो राहिला की माती तिथं साचते, हवा अडते आणि तुकडा एकाच जागी तापून फुटतो. बायकोच्या स्पंजात पापुद्रा औषधालाही उरला नव्हता. मोजमाप्यांच्या स्पंजात जवळजवळ सगळेच पापुद्रे जिथल्या तिथे होते.

"म्हणजे तुम्ही चार दिवस नुसतं पाणी लावत होतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "खोली तुमचीच. पण पापुद्रे काढायचं यंत्र यायला वर्ष लागेल, तोवर हातानंच काढायचे. आणि तुमच्या घरची माणसं काही कारखान्याच्या नोकरीत नाहीत. तेव्हा हे काम तुम्हाला यायला हवं. शिका."

मोजमापे संध्याकाळी घरी आले ते हातात कारखान्याचा छापील अर्ज घेऊन. शिकणाऱ्याचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव, रोजचे तास, शेवटी शिकवणाऱ्याचा शेरा आणि सही. शिकवणाऱ्याच्या जागी आपलं नाव बघून बायकोनं अर्ज दोनदा वाचला आणि पदर खोचायच्या ऐवजी सरळ पाट ओढून बसली.

तीन आठवडे मोजमापे एकटे घासत होते. जोर कुठे द्यायचा, कडा कशा काढायच्या, पातेल्याच्या कानाखाली काय साठतं, हे सगळं त्यांना नव्यानं कळलं. खरं सांगायचं तर त्यांना त्यात रस वाटायला लागला. चौथ्या आठवड्यात त्यांच्या हातचे सहाही स्पंज ज्वाळेसमोर टिकले. भट्टीताईंनी टाळ्या वाजवल्या. मोजमापे अर्ज फडकवत घरी आले. आता एका सहीचं काम होतं. सही झाली की सुटका.

बायकोनं सहाही तुकडे हातात घेऊन पाहिले. तिला मनापासून आनंद झाला आणि तो तिनं बोलूनही दाखवला. मग तिनं शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "काम उत्तम. हात बसला आहे, तो मोडू नये म्हणून यंत्र येईपर्यंत रोजचा सराव घरीच चालू ठेवावा," आणि खाली झोकात सही केली.

एरवी मोठ्या बाईंच्या टेबलावर कागद महिना महिना पडून राहतो. हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी मंजूर केला.