लेव्हल तीनचा स्लॅब

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ‘दत्तात्रेय अँड असोसिएट्स’ हे आर्किटेक्टांचं ऑफिस होतं. २००४ साली एका सोमवारी तिथे श्यामलाला समजलं, की आपण लेव्हल तीनवर आहोत. तोपर्यंत आपण नोकरीवर आहोत, एवढंच तिला माहीत होतं.

हा शोध दत्तात्रेयसरांच्या जावयाने, अभिषेकने लावला. बंगळूरच्या एका मोठ्या फर्ममध्ये काही वर्षं काढून तो हुबळीला परतला होता आणि येताना तिथली उतरंड सोबत घेऊन आला होता. त्याआधी ऑफिसचा कारभार अगदीच रानटी होता. ज्याला चूक दिसे तो ओरडे आणि ज्याच्या हातात पेन्सिल असे तो ती दुरुस्त करी. खुद्द सर साइटवर छत्री घेऊन उभे राहत आणि कॉलम वाकडा दिसला की छत्रीच्या टोकाने त्याला डिवचत. अशाने कुणाचं करिअर होत नाही, हे अभिषेकने पडद्यावर चित्रं दाखवून सगळ्यांना पटवलं.

आता लेव्हल एकने शिकायचं. लेव्हल दोनने बघायचं. जे बघितलं त्याविषयी काही वाटलंच, तर ती चिंता लेव्हल तीनने नोंदवायची. चिंतेची शिफारस करणं लेव्हल चारकडे आणि शिफारशीवर निर्णय घेणं लेव्हल पाचकडे, म्हणजे अभिषेककडे. सर लेव्हल सहावर होते. लेव्हल सहाकडे काम नव्हतं. दृष्टी होती.

“आणि लेव्हल चारवर कोण?” श्यामलाने विचारलं.

“ती सध्या रिकामी आहे, मॅडम. पण ती आहे, हे महत्त्वाचं. माणसाला वर जागा दिसली पाहिजे.”

“मग माझी चिंता पुढे सरकणार कशी?”

“तुमच्या चिंतेची चिंता करणं लेव्हल चारचं काम आहे,” अभिषेक समजुतीच्या सुरात म्हणाला.

त्या वेळी धारवाडच्या मळमड्डीत बाळाचार्यांच्या घराचं बांधकाम चाललं होतं. बाळाचार्य संस्कृतचे निवृत्त मास्तर. अख्खं आयुष्य भाड्याच्या घरात काढलेलं, आणि त्या घरातल्या शिकवणीच्या खोलीत नेमका मध्ये खांब. दरवर्षी कुणीतरी एक त्या खांबामागे बसे आणि संस्कृतात गटांगळ्या खाई. श्यामला स्वतः दोन वर्षं त्या खांबामागे होती. तिची रूपं पाठ झाली नाहीत, खांब मात्र पाठ झाला. पुढे ती आर्किटेक्ट झाली त्याचं मूळ तिथेच, असं बाळाचार्य सगळ्यांना सांगत.

“मला बाकी काही नको,” त्यांनी तिला सांगितलं होतं. “संगमरवर नको, बाल्कनी नको. एक हॉल दे, ज्याच्या मधे काही नसेल. पोरं समोर दिसली पाहिजेत ग.”

“नसेल, सर. माझा शब्द,” श्यामला म्हणाली होती. शब्द देण्यासाठी कोणती लेव्हल लागते, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं.

धारवाडात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येई, त्यामुळे स्लॅबचा मुहूर्त पंचांगात नसे, वॉल्व्हमनच्या हातात असे. पाण्याचा दिवस तोच स्लॅबचा दिवस. त्या दिवशीही पहाटे पाणी आलं. नागोजी मेस्त्रीने पिंपात पाइप सोडला. पिंप भरलं, हौद भरला, घमेली भरली, पाइप चालूच राहिला. आलेलं पाणी हाताने बंद करणं या गावात लक्ष्मीला दारातून परत पाठवण्यासारखं मानलं जातं. ते पाणी सावकाश हॉलच्या जमिनीत जिरलं. जमीन काळ्या मातीची, आणि तिच्यावर नीलगिरीचे टेकू उभे. टेकूंवर फळ्या, फळ्यांवर सळ्या, आणि सळ्यांवर दहा वाजेपर्यंत अर्ध्या हॉलचं काँक्रीट.

रूपा लेव्हल दोन होती. तिचं काम बघण्याचं. तिने बघितलं.

“मॅडम, मधला टेकू खाली चाललाय.”

“किती?”

“बघतेय अजून.”

श्यामलाने खाली वाकून पाहिलं. टेकूचा बुंधा पेढ्यात बोट घालावं तसा मातीत शिरत होता.

“नागोजी, माल थांबवा! खाली फळ्या द्या आधी!”

नागोजी हलला नाही. “थांबवलं असतं की, अक्का. पण गेल्या महिन्यात तुमच्या शब्दावर खिडकी सरकवली, तर जावईसाहेबांनी माझी पूजा बांधली. म्हणाले, लेव्हल पाचनं सांगितल्याशिवाय हात थांबवायचा नाही. तेव्हापासून मी माणूस बघत नाही. लेव्हल बघतो.”

“अहो, टेकू खचतोय! दिसत नाही का?”

“दिसतंय की. पण मी पडलो बाहेरचा माणूस. माझ्या दिसण्याला काय किंमत?”

श्यामलाने अभिषेकला मोबाइल लावला. तो हुबळीत केबिनमध्येच होता आणि त्याने सगळं मन लावून ऐकून घेतलं.

“चिंता नोंदली, मॅडम. शाब्बास. आता शिफारस येऊ दे.”

“शिफारस करायला लेव्हल चार कुठाय?”

पलीकडून कॉफीचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. “हं. ही उणीव आहे. मग असं करू, मी तुम्हाला आत्तापासून लेव्हल चार करतो. अभिनंदन!”

बढती झाली म्हटल्यावर नागोजीला राहवेना. त्याने पेढे मागवले. कामगारांनी एका हाताने पेढा तोंडात टाकला आणि दुसऱ्या हाताने घमेलं पुढे दिलं. काम थांबलं नाही.

“थांबवण्याची शिफारस करते,” श्यामला पुन्हा फोनवर ओरडली.

“निर्णय मी लगेच घेतो. फक्त तो आपल्या दृष्टीशी जुळतो का, तेवढं सरांना विचारा.”

सर घरी देवपूजेला बसले होते. फोन कानाशी धरून ते म्हणाले, “मला तिथे एक मोकळा, प्रशस्त हॉल दिसतोय.”

“सर, मधला टेकू खचतोय.”

“टेकू आता माझ्याकडे नाहीत ग बाई,” सर खालच्या आवाजात म्हणाले. “जावयाने काढून घेतले. छत्रीसुद्धा.”

परत अभिषेक. मधल्या वेळात त्यानेही विचार केला होता. “मॅडम, न बघता निर्णय घेणं बेजबाबदारपणाचं ठरेल. तुम्ही जागेवर आहात. तुम्हालाच प्रभारी लेव्हल पाच करतो. निर्णय सर्वस्वी तुमचा.” फोन बंद झाला.

नागोजीने डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर घेतला. “आता बोला, अक्का! तुम्ही म्हणाल तिथं थांबतो.”

मिक्सरपासून शिडीपर्यंत सगळे तिच्याकडे बघू लागले. सकाळपासून ज्या शब्दासाठी तिने जिवाचं रान केलं होतं, तो जिभेच्या टोकावर होता. श्यामलाने तोंड उघडलं आणि लेव्हल पाचवरून जे दिसतं, ते तिला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं. थांबवलं, तर स्लॅबला मधोमध सांधा पडणार, तो गळणार, आणि कुणी थांबवलं म्हणून विचारणार. उत्तर एकच, श्यामलाने. न थांबवलं, तर पुढची विचारपूस वेगळी: खालच्या लेव्हलने वेळेवर चिंता नोंदवली होती का?

नोंदवली होती. पण ती ज्या लेव्हल तीनने नोंदवली, ती लेव्हल तीन सकाळीच बढती मिळून निघून गेली होती.

तिने तोंड मिटलं. मग गंभीरपणे म्हणाली, “रूपा, तुला काय वाटतं?”

“मला वाटण्याची लेव्हल नाही, मॅडम. मला फक्त दिसतं.”

“मग मी तुला लेव्हल तीन करते. नीट चिंता नोंदव. घाई नको. मी विचार करते.”

“मॅडम, तुम्ही आत्ताच तर ओरडत होता, थांबवा म्हणून!”

“तेव्हा मी लहान होते,” श्यामला म्हणाली.

रूपा पेन शोधू लागली. थांबा म्हटलं नाही म्हणजे पुढे चला, असं समजून नागोजीने हात केला. मिक्सर गरगरतच राहिला. मधोमध स्लॅबला खळगा पडला होता, तो वरून वाईट दिसू नये म्हणून त्यात आणखी चार घमेली ओतली. त्या वजनाने टेकू अजून खाली गेला. पुन्हा चार घमेली ओतली. संध्याकाळी स्लॅब वरून कॅरमबोर्डासारखा सपाट होता. खालून तो नवव्या महिन्यात होता.

चौकशी रीतसर झाली. रूपाला चिंता व्यक्त करायला उशीर झाल्याचं सिद्ध होऊन तिला परत लेव्हल दोनवर आणण्यात आलं. दडपणाखाली संयम न ढळू दिल्याबद्दल श्यामलाच्या नावापुढचा ‘प्रभारी’ काढला गेला.

वास्तुशांतीला सगळी मळमड्डी लोटली. बाकीचे टेकू काढले होते. मधला काढायला गेले तेव्हा वरून बारीक वाळू गळाली, म्हणून तो राहिला. त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या, आणि कुणा सुवासिनीने हळदकुंकूही लावलं होतं. बाळाचार्य पाटावर बसले. समोरच्या रांगेतला एक पाहुणा त्यांना दिसेना. त्यांनी मान डावीकडे करून पाहिली, मग उजवीकडे.

“श्यामला,” वाढायला आलेल्या विद्यार्थिनीला त्यांनी हळूच विचारलं, “हा कधी निघेल ग?”

“विचाराधीन आहे, सर.”

“कुणाच्या?”

“माझ्या,” श्यामला म्हणाली आणि त्यांच्या पानात कोशिंबीर वाढून पुढे सरकली.

पंगतीत दीडेकशे माणसं होती. वकील होते, प्राध्यापक होते, दोन निवृत्त इंजिनियर होते. प्रत्येकाने एकदा वर बघितलं, एकदा शेजाऱ्याकडे बघितलं, आणि मग पानाकडे. “हॉल ऐसपैस झाला हो, आचार्य,” एक इंजिनियर म्हणाला. “वारं छान खेळतं,” दुसऱ्याने दुजोरा दिला. तेवढ्यात आग्रहाची दुसरी होळिगे, म्हणजे तिकडची पुरणपोळी, आली.

त्या पंगतीत तुम्ही असता, तर उठून काय म्हणाला असतात, ते विचारत नाही. एवढंच सांगा, होळिगेवर तूप घेतलं असतंत की दूध?