शेणनाना आणि अक्काची चंद्री

आमच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर नाना आजारी जनावर मुकाट्याने तपासतात; धट्टीकट्टी गाय दिसली की मात्र त्यांचे डोळे चमकतात. लगेच कोपरापर्यंत हातमोजा चढतो. पुढचं सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल. चाळीसगावकडची सगळी खेडी त्यांना शेणनाना म्हणतात. मी त्यांचा कंपाउंडर. नमुन्याच्या डब्या धरणं माझ्या नशिबी.

"बठ्ठं चांगलं शे ना? मंग गडबड शे," म्हणजे सगळं चांगलं दिसलं की गडबड समजायची, हे त्यांचं ब्रीदवाक्य. मुलगा निर्व्यसनी आहे असं कळल्यावर एका साखरपुड्यातही ते हेच म्हणाले होते. तेव्हापासून आमंत्रणं कमी झाली.

सुमनअक्काच्या गोठ्यात दोन वासरं हगवणीने गेली. नानांनी बोट ठेवलं ते चंद्रीवर. चंद्री म्हणजे तुकतुकीत कांतीची, बादली भरून दूध देणारी गाय.

"तिले काय झायं?" अक्का भडकली.

"काहीच नही. तेच तर! साल्मोनेलाना जंतू पोटमा लिसन मजामा फिरी राहिनी. तिले काही व्हत नही, तिना शेनमाईन वासरूसले लागस."

पहिला नमुना तपासायला गेला. काही सापडलं नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातही नाही. गाव हसलं. अक्का म्हणाली, "डाक्टर, आते तुमनंच शेन तपासी ल्या."

"चोर काय रोज चोरी करस?" नाना म्हणाले.

चौथ्या नमुन्यात जंतू सापडले.

अक्काने लगेच चंद्रीचं दावं सोडलं. गाय बाजारात विकायला निघाली, तर नाना आडवे आले. "दुसराना गोठामा रोग धाडशी का?" मग चंद्रीला शेतात वेगळं बांधलं.

एकटी पडल्यावर ती हंबरायला लागली, चाऱ्याला तोंड लावेना. दुसऱ्या दिवसापासून नाना दुपारचा डबा घेऊन समोरच्या बांधावर बसायला लागले. ते जेवायला लागले की तीही खायची.

"नाना, गायीच्या पंगतीला?" मी हसलो.

"एकलं जेवन गोड लागत नही, भाऊ. तिले बी, माले बी."

वहिनी, म्हणजे नानांची बायको, वारल्यापासून ते घरी कसे जेवतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढे बरेच नमुने लागोपाठ स्वच्छ आले आणि चंद्री गोठ्यात परतली. त्या दुपारी नाना सवयीने बांधावर गेले आणि रिकाम्या खुंट्यासमोर डबा धरून उभे राहिले. अक्काने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"चाला घर. भाकरी टाकेल शे."

अक्काच्या दारातल्या ओट्याशी वाकून नाना बराच वेळ नुसत्या चपलाच काढत राहिले.