पान एकोणपन्नास ते चौसष्ट

माझी ‘पुतळा बोलली’ ही कादंबरी सन एकोणीसशे ऐंशीच्या सप्टेंबर महिन्यात नाशिक मुक्कामी रीतसर प्रसिद्ध झाली. रीतसर हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक, आणि सरकारी नोकराला पुस्तक काढायचे तर वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते. त्यानुसार मी हस्तलिखिताचा गठ्ठा अधीक्षक खंडेराव साहेबांपुढे सादर केला. दीड महिन्याने तो शेऱ्यासह परत आला : ‘बारकाईने वाचले. आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ गठ्ठ्याला माझ्या पत्नीने, म्हणजे लताबाईने, मारलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. ती गाठ तिच्याशिवाय कोणाला सुटत नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला आनंदच झाला. न वाचता मिळते ती परवानगी. वाचून मिळते ती चौकशी.

कादंबरी माझ्या मावशीवर होती. पुतळा मावशी ही माझ्या आईची थोरली बहीण. वणीजवळच्या एका गावात तिने बारा वर्षे सासर मुकाट्याने ओढले. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली, आणि ‘आता गुमान राहून घे’ असे सांगायला गावचे पंच बसले, तेव्हा मावशी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलली. पंच उठून गेले. दुसऱ्या दिवशी मावशी वणीला गेली आणि बांगड्यांचे दुकान मांडून राहिली. ती काय बोलली, हे ऐकणाऱ्यांपैकी माझी आई भिमाबाई तेवढी आता हयात आहे. तिने ते मला एकदाच सांगितले, ज्वारी निवडता निवडता, आणि म्हणाली, “पुन्हा इचारू नको. पन तिचं बोलनं तेवढं नीट लिव.” आईला वाचता येत नाही. मी त्या बोलण्याला सोळा पाने दिली. तेवढी सोळा पाने मी खरोखर चांगली लिहिली होती. बाकीचे पुस्तक मी लेखक व्हायचे म्हणून लिहिले.

छपाई भद्रकालीत चिमाजी शेलार यांच्या छापखान्यात झाली. चिमाजीच मुद्रक, चिमाजीच प्रकाशक, आणि गिऱ्हाईक मोठे असेल तर चहा सांगायलाही चिमाजीच. मुद्रिते मी तीनदा तपासली. बांधलेले पुस्तक हातात आले तेव्हा मात्र मी ते वाचले नाही. बांधलेले पुस्तक लेखकाने वाचायचे नसते. त्याचा वास घ्यायचा असतो, पाठीवरचे आपले नाव बोटाने चाचपायचे असते, आणि आतल्या पानावर ‘सप्रेम भेट’ असे लिहून ते वाटत सुटायचे असते. आठ दिवसांत मी दोनशे बारा प्रती वाटल्या. एवढे प्रेम माझ्यात आहे, हे लताबाईलाही तेव्हाच कळले.

प्रकाशन समारंभाला प्राध्यापक रंगनाथ सर अध्यक्ष होते. मोटारीतून उतरताना त्यांनी मला विचारले, “कवितासंग्रह ना?” मी म्हणालो, “कादंबरी, सर.” एवढ्या सामग्रीवर ते पंचावन्न मिनिटे बोलले. “पंचांपुढे पुतळा जे बोलते,” ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “ते या कादंबरीचे शिखर आहे. ते वाचताना मी दोनदा पुस्तक मिटले.” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती सरांकडे टक लावून पाहत राहिली. थकली असेल, असे मला वाटले.

समारंभानंतर पाचव्या दिवशी चिमाजीने कार्यालयात निरोप धाडला : असाल तसे या.

छापखान्यात निफाडकडचे सात-आठ बागायतदार उभे होते. त्यांच्या मंडळाने ‘द्राक्षबागेची निगा’ ही पुस्तिका चिमाजीकडेच छापायला दिली होती. आकार तोच, कागद तोच. छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे फर्मे एकावर एक लावून पुस्तक शिवतात. शिवणाऱ्याने दोन्ही पुस्तकांच्या चौथ्या फर्म्यांच्या थप्प्या आपसांत बदलल्या होत्या. पृष्ठांक बरोबर जुळत होते, त्यामुळे त्याच्याकडून कामात कोणतीही चूक झाली नव्हती.

“फळछाटणी तोंडावर आलीय,” एक बागायतदार गरजत होता, “आन् भुरी रोगावर काय मारायचं त्या पानाला ही बाई पंचास्नी शिव्या देती! बाग काय हिला दाखवू?”

मी माझ्या कादंबरीची प्रत उचलली. अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या शेवटी मी लिहिले होते : ‘पुतळा पंचांसमोर उभी राहिली. तिने पदर सावरला आणि बारा वर्षांत प्रथमच तोंड उघडून ती म्हणाली,’ आणि एकोणपन्नासाव्या पानावर ती म्हणत होती : ‘मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. चुन्याची निवळी फडक्याने गाळून घ्यावी.’ यानंतर सोळा पाने पुतळा द्राक्षावरील रोग आणि त्यांवरील फवारण्या यांविषयी बोलत होती. चौसष्टाव्या पानाच्या तळाशी तिने ढगाळ हवेत बागेवर बारीक लक्ष ठेवण्याचा सल्ला दिला होता. पासष्टावे पान सुरू होत होते : ‘हे ऐकून पंचांनी माना खाली घातल्या आणि एकेक जण उठून निघून गेला.’

मी खाली बसलो. चिमाजीने बागायतदारांना तिसऱ्या दिवशी नवीन पाने छापून द्यायचे कबूल केले. ते गेल्यावर मी विचारले, “आणि माझं?”

“तुमच्या पानांचे जुळवलेले खिळे सुटे करून टाकले हो, पुन्हा सगळं जुळवावं लागेल,” चिमाजी म्हणाला. “असं करू. पहिली तक्रार येऊ द्या. तक्रार आली की लगेच सोळा पानं छापतो आणि घरोघर नेऊन चिकटवतो. शब्द देतो.”

हे म्हणणे मला पटले. आमच्या कार्यालयातही, जोवर तक्रार आवक नोंदवहीत चढत नाही, तोवर चूक अस्तित्वात नसते. आणि बागायतदारांनी पाच दिवसांत ओरड केली होती. साहित्यिक मंडळी तर त्याहून तिखट. फार तर आठवडा, असा मी हिशेब केला.

पहिला महिना मी तोंड लपवून काढला. समोरून ओळखीचा माणूस आला की मी गल्लीत वळायचो. पण जो गाठायचा तो हात हातात घेऊन म्हणायचा, “वाचली. छान आहे.” एका साप्ताहिकात परीक्षण आले : ‘कथानकाचा ओघ कोठेही तुटत नाही.’ खंडेराव साहेबांनी मला बोलावून घेतले. साहेब म्हणाले, “गांगुर्डे, एका बैठकीत संपवली. बाई फार तोडून बोलते हो.”

दुसऱ्या महिन्यात माझी भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. कोणीतरी पकडावे म्हणून मी आपण होऊन फिरू लागलो. “पान बावन्न कसं वाटलं?” मी एका कवीला विचारले. “बावन्न ना?” तो गहिवरला. “डोळ्यांत पाणी आलं.” पान बावन्नवर गंधकाची भुकटी केव्हा धुरळावी याची माहिती आहे. डोळ्यांत ती गेली असेल तर गोष्ट वेगळी. एका मास्तरांना मी उघडच म्हणालो, “मध्ये जरा शेतीचं जास्त झालं का?” ते म्हणाले, “छे छे! मातीशी नाळ आहे तुमची.”

मार्चमध्ये एका साहित्य सभेचे पत्र आले. तीन परीक्षकांनी एकमताने माझ्या कादंबरीला वर्षातील उत्कृष्ट कादंबरीचे सन्मानचिन्ह दिले होते. तिसऱ्या परीक्षकाचा अभिप्राय सोबत जोडला होता : ‘पुतळाच्या मुखातील भाषा संयत, आक्रस्ताळेपणापासून दूर, व काहीशी तांत्रिक असूनही अंतःकरणास भिडणारी आहे.’ हा तिसरा परीक्षक मला आजही अधूनमधून आठवतो. त्याने बहुधा एखादी ओळ वाचली असावी.

त्याच रविवारी नाशिकरोडला आमच्या घरी एक गृहस्थ आले. धोतर, टोपी, बगलेत गुंडाळी. निफाडचे धोंडीराम, छापखान्यात गरजणाऱ्यांपैकीच एक. मी घाईघाईने म्हणालो, “भाऊ, भुरीचं मला खरंच काही कळत नाही.”

“भुरीचं नाय इचारत,” धोंडीराम म्हणाले. त्यांनी गुंडाळी उलगडली. माझी सोळा पाने होती, कडा मळलेल्या. “नवी पानं आल्यावर समद्यांनी ही फाडून टाकली. माझ्या घरातनं म्हनली, टाकायच्या आदी वाचून तर दावा. वाचली. तिनं आनि चार बायका बोलावल्या. पंधरा-ईस येळा वाचून झाली, साहेब. आता समद्या माझ्या मागं लागल्यात, त्या बाईला ह्या लोकांनी येवढं केलं तरी काय? आनि पुढं तिचं बरं झालं का? त्याबिगर माझी सुटका नाय.”

मी काही बोलण्याआधी आई आतून बाहेर आली. तिने ती पाने हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि मला म्हणाली, “हीच व्हय?”

“तुला कसं कळलं?”

“लताने मला पुस्तक वाचून दावलं, पुस्तकाच्या पैल्या सभेच्या आदल्या दिशी.”

मी लताबाईकडे पाहिले. ती म्हणाली, “अहो, मला वाटलं तुम्ही मुद्दाम लिहिलंय. हल्ली नवीन पद्धतीचं लिहितात ना.”

“मलाबी वाटलं,” आई म्हणाली, “शिकल्याल्या लोकांत आसंच लिवत आसतील. पुतळा उभी राहिली, पदर सावरला आन् म्हनली मोरचूद भिजवू नगं. मग त्यो मानूस टेबलावर मूठ हानून सांगाया लागला, लय चांगलं बोलली. मंग मी गप बसले. पन मल्हारी, तू कसं रं नाय वाचलंस?”

मी धोंडीरामांसाठी चटई अंथरली.

धोंडीरामांनी मग ती सोळा पाने आईपुढे बसून वाचली. बोटाने ओळ धरून, अडखळत, सावकाश. आई मध्येच “हां, आसंच म्हनली” म्हणायची आणि डोळे पुसायची. वाचून संपल्यावर तिने लताबाईकडून दाभण आणि सुतळी मागवली. धोंडीरामांनी आमच्या प्रतीतली द्राक्षे उसवून काढली, पुतळाला तिच्या जागी शिवले, आणि त्यांना नवीन प्रत द्यायला मी कपाट उघडतोय तोवर आईनेच ती शिवलेली प्रत त्यांच्या हातात दिली. “आदी तुमच्या बायांस्नी वाचून दावा,” ती म्हणाली. “मंग आनून द्या.” मला म्हणाली, “आता सभेत सांग, पुतळा काय बोलली ते. तेवढं कर.”

मी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, सांगणार होतो. समारंभ सुरू होता होता मी सभेच्या कार्यवाहांना गाठून सगळा प्रकार निवेदन केला. त्यांनी शांतपणे नियमावली उघडली.

“सन्मानप्राप्त पुस्तकाची दुसरी आवृत्ती आपण काढतोय,” ते म्हणाले. “नियम अकरा. परीक्षकांनी एकमताने गौरवलेल्या मजकुरात लेखकाला बदल करता येत नाही. बदल केलात तर सन्मान त्या पुस्तकाचा राहत नाही. आणि परीक्षकांनी वाचलंय ते हेच पुस्तक ना?”

“त्यांनी वाचलेलं नाही,” मी म्हणालो.

“मग ज्याला सन्मान दिला ते हेच पुस्तक ना?”

यावर प्रतिवाद करणे कठीण होते. त्यांनी एक छापील नमुना पुढे केला : ‘सोबतचा मजकूर माझाच असून तो मी वाचून पाहिला आहे.’ खाली टिंबे होती. आत रंगनाथ सर बोलायला लागले होते, आणि शाल तबकात घडी घालून ठेवलेली खिडकीतून दिसत होती. मी टिंबांवर सही केली. बारकाईने वाचले, आक्षेपार्ह काही आढळले नाही.

सत्काराला उत्तर देण्यासाठी माझे नाव पुकारले गेले. आई पहिल्या रांगेत होती. मी सभेसमोर उभा राहिलो, खांद्यावरची शाल सावरली आणि तोंड उघडून म्हणालो, “परीक्षक मंडळाचा मी अत्यंत ऋणी आहे.”

आई उठली आणि एकटीच बाहेर निघून गेली. माना वगैरे कोणी खाली घातल्या नाहीत.

धोंडीरामांनी प्रत परत आणून दिली नाही. ती आता वणीपर्यंत कुठल्या कुठल्या घरांत फिरते आहे, एवढे कळते. आईने तिची चौकशी केली नाही, आणि माझ्याशी ती त्या पुस्तकाविषयी पुन्हा बोलली नाही.

दुसरी आवृत्ती संपायला आली. तिचीही एक प्रत मी आपल्याला दिली होती, सही करून, ‘सप्रेम भेट’ असे लिहून. परवा मेनरोडवर आपण भेटलात, माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, “वाचली. छान आहे. विशेषतः पुतळा बोलते तो भाग.” मी आभार मानले. काय करणार? तक्रार अजून आलेली नाही, आणि चिमाजी शब्दाचा पक्का आहे.