वाढलेली टेकडी आणि डुकराची झडप

एका जंगलात एक गवा मेला, आणि चूक सगळी त्याचीच होती. मुलांनो, हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायला गेलो तर मोठी माणसं मध्येच हार घेऊन उभी राहतात, मग खरं बोलता येत नाही.

गव्याचं नाव धोंडोजीराव. तो जंगलाचा मुखिया. मुखियाने दर सोमवारी सकाळी टेकडी चढून माथ्यावर सभा घ्यायची, अशी रीत होती. ज्याला चढवत नाही त्याने गादी सोडायची. म्हाताऱ्यांनी घालून दिलेली ही एकच शहाणी रीत.

एका सोमवारी धोंडोजीराव अर्ध्या वाटेत थांबले. छाती दाटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"टेकडी वाढलीय," ते म्हणाले.

"वाढलीच आहे, आबासाहेब," चिटणीस वानर म्हणाला. हा वानरही म्हातारा. 'नाही' हा शब्द त्याने जन्मभर फक्त पोरांसाठी राखून ठेवला होता.

पण धोंडोजीरावांची बायको हट्टाला पेटली. तिने अर्ध्या वाटेवरच, सगळ्या सभेसमोर, सुतारपक्षिणीला बोलावलं. ही जंगलातली वैद्य. झाडावर टकटक करून आतली कीड सांगायची. तिने आबासाहेबांच्या छातीवर टकटक केली, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"आबासाहेब, काळजाच्या दाराला झडप असते. तीन पाकळ्यांची. रक्त पुढे सोडते, मागे येऊ देत नाही. दिवसातून लाखभर वेळा उघडमीट. वय झालं की काहींच्या झडपेवर कॅल्शियम बसतं. तुमच्या पाकळ्या खडखडीत झाल्यात. दार जेमतेम किलकिलं होतंय."

"कॅल्शियम म्हणजे ते हाडातलं?"

"तेच."

धोंडोजीराव खूश झाले. "ऐकलंत का रे कार्ट्यांनो? आमचं काळीज हाडासारखं मजबूत झालं! तुमचं बघा. नुसता लिबलिबीत लगदा."

वानराने टाळ्या वाजवल्या.

"मजबूत नाही हो, ताठ झालंय," पक्षीण म्हणाली. "झडप बदलावी लागेल. नाहीतर चढावर कुठेतरी संपाल."

"बदलू की. आहे का एखादी चांगल्या घरातली?"

"एकच आहे. सारजाबाईच्या नवऱ्याची. मी जपून ठेवलीय. मापात बसते."

सभेतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. सारजाबाई म्हणजे रानडुकरीण. तिचा नवरा गेल्या पावसाळ्यात दरडीखाली गेला होता. आणि त्या जंगलात गवे वरच्या पाणवठ्यावर पाणी प्यायचे, डुकरं खालच्या. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तर सगळे इतक्या निष्ठेने पाळायचे.

"डुकराची झडप? माझ्या काळजात?" धोंडोजीराव गरजले. गरजताना तीनदा दम लागला. "उद्या मी चिखलात लोळायला लागलो म्हणजे?"

"रोज लोळताच की," सारजाबाई म्हणाली. "घ्या हो आबासाहेब. माझ्या धन्याला तुम्ही कधी सभेत आत घेतलं नाहीत. निदान काळजात तरी घ्या."

"घराणं बाटेल!"

"घराणं ठेवून घ्या मग. जीव जाऊ द्या."

"उलट बोलते!" वानर ओरडला. सभेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ज्यांच्या माना आधीच हलत होत्या त्यांचाही होकारच धरला.

ठराव झाला. झडपेचं नंतर बघू, आधी टेकडी कमी करा.

मग सगळी तरुण जनावरं टेकडी खणायला लावली. ससे, साळिंदर, कोल्हे, झाडून सगळे. वर्षभर खणत होते. शिकायची वयं त्यांची. पण म्हाताऱ्याचा दम राखणं हेच शिक्षण, असं वानराने भाषणात सांगितलं.

टेकडीचा उंचवटा झाला. धोंडोजीरावांना दम लागला.

उंचवट्याचं मैदान झालं. तरीही लागला.

"अजून वाढतेय," ते म्हणाले.

"आतून वाढते, आबासाहेब," वानर म्हणाला. "खणा रे!"

मग मैदानाचा खड्डा झाला. चांगला दोन गव्यांएवढा खोल. खाली उतरायला सात उंच पायऱ्या केल्या.

त्या सोमवारी धोंडोजीराव टपाटप सात पायऱ्या उतरले. दम नाही, काजवे नाहीत, काही नाही.

"बघा!" ते खड्ड्यातून ओरडले. "कोण म्हणत होतं काळीज बिघडलंय?"

टाळ्यांनी रान दणाणलं. वानर तर रडलाच. सुतारपक्षीण काठावर बसून म्हणाली, "आबासाहेब, वर कसे येणार?"

"मध्ये बोलू नकोस," वानर म्हणाला.

सभा छान झाली. खालच्या पाणवठ्याचे नियम आणखी कडक केले. मग सभा संपली, आणि घरी जायची वेळ आली.

धोंडोजीराव एक पायरी चढले. दुसरी चढले. तिसरीवर बसले. चौथी राहून गेली.

सारजाबाई सगळ्यांत आधी खाली धावली. तिला वानराने अडवलं. आबासाहेबांना शिवायचं नाही म्हणून.

शोकसभेत वानर हुंदके देत म्हणाला, "मंडळी, घात खड्ड्याने केला. खड्डा वाढला होता."

तात्पर्य : मुलांनो, वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. ते टेकडी वाढली म्हणाले तर टेकडी खणावी. वैद्यांच्या नादी लागू नये, आणि झडप कुणाच्या घरातली आहे याची नीट चौकशी केल्याशिवाय जगू नये. धोंडोजीरावांनी हे सगळं काटेकोर पाळलं. त्यांचा जीव गेला.